‘इंग्रजांनी रस्ते बांधले’ : या वाक्यातील कर्ता कोण?

१/
या मालिकेत घाट, पूल, रेल्वे अशा कशाविषयीही लिहिले की खाली एक प्रतिक्रिया हमखास उमटते. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात, मथितार्थ तोच : “काही म्हणा, इंग्रजांनी रस्ते तर बांधले!” पुष्कळदा त्यापुढे आजच्या खड्ड्यांचे छायाचित्रही जोडलेले असते.

या वाक्याला सह्याद्रीतली उदाहरणे देऊन उत्तर दिले तर उपयोग होत नाही. तेथे लगेच राष्ट्राभिमान मध्ये येतो आणि चर्चा ‘आपण विरुद्ध ते’ या जुन्या चाकोरीत जाऊन रुतते. म्हणून आज हे वाक्य अशा जागी नेऊन तपासू, जेथे आपला कोणताही अभिमान पणाला लागलेला नाही. राज्यकर्ते ब्रिटिश, मोजणीदार ब्रिटिश, आणि दगड फोडणारे हातही बहुतांशी इंग्लंड-आयर्लंडचेच. ‘इंग्रजांनी रस्ता बांधला’ हे विधान पृथ्वीतलावर कोठे खरे ठरायचेच असेल, तर ते तेथे ठरावे.

२/
सिडनीच्या वायव्येस सुमारे ७५ किलोमीटरवर हॉक्सबरी नदीच्या काठी वाइजमन्स फेरी नावाचे लहानसे गाव आहे. येथे नदीवर पूल नाही. तराफ्यासारखी सपाट फेरी गाड्या आणि माणसे पैलतीरी नेते, पैसे घेत नाही. पलीकडे उतरल्यावर डावीकडे वळून नदीच्या कडेकडेने थोडे चालले की उजव्या हाताला डोंगरात चढणारी एक वाट लागते. मोटारींना तेथे मज्जाव आहे. हा डिव्हाइन्स हिल नावाचा चढ, ‘ग्रेट नॉर्थ रोड’ या जुन्या रस्त्याचा सर्वांत प्रसिद्ध तुकडा.

चढ दोन किलोमीटरांहूनही कमी. घाईत असलेला माणूस तासाभरात वर जाऊन, खाली वाकणाऱ्या नदीचे छायाचित्र टिपून परत फेरीला लागतो. सिडनीतल्या मराठी मंडळींनीही रविवारच्या सहलींची अशी छायाचित्रे पाहिली-पाठवली असतील. निलगिरीची झाडे, खाली हिरवट पाणी, आणि बाजूला दगडी भिंत. ती भिंत बहुधा छायाचित्राची पार्श्वभूमी असते. आपण तिला पुढे आणू.

३/
आधी कोरडी हकीकत. सिडनीहून उत्तरेकडील हंटर नदीच्या खोऱ्यात जाण्यासाठी खुष्कीचा मार्ग हवा, अशी तेथे जमिनी मिळालेल्या वसाहतवाल्यांची मागणी होती. हेनेज फिंच या मोजणीदाराने मार्ग आखला. गव्हर्नर राल्फ डार्लिंग याच्या कारकिर्दीत, १८२६ मध्ये काम सुरू झाले आणि १८३६ पर्यंत चालले. लांबी सुमारे अडीचशे किलोमीटर. राबणाऱ्या कैद्यांची संख्या एका वेळी ७२० पर्यंत पोहोचली होती, आणि त्यांतील काहींच्या पायांत बेड्या होत्या.

२०१० मध्ये युनेस्कोने ऑस्ट्रेलियातील अकरा ‘कैदी-स्थळे’ जागतिक वारशाच्या यादीत घेतली. त्यांत या रस्त्याचा साडेसात किलोमीटरांचा तुकडा आहे, आणि डिव्हाइन्स हिलचा चढ त्यातच येतो.

४/
आता भिंतीकडे वळू. डोंगराच्या कुशीतून रस्ता न्यायचा म्हणजे एका अंगाला कडा तासायचा आणि दुसऱ्या अंगाला, दरीच्या बाजूने, आधारभिंत उभारायची. तासून निघालेला दगड त्या भिंतीत जातो, उरलेली खडी आणि माती मधल्या पोकळीत. घाटरस्त्याचे हे गणित जगात सर्वत्र सारखेच. डिव्हाइन्स हिलवर ही आधारभिंत काही ठिकाणी दहा मीटरांच्या आसपास उंच आहे, आणि तिला बाहेरून दगडी धिरे दिलेले आहेत. बांधकाम बव्हंशी चुन्याविना, केवळ दगडावर दगड नीट बसवून केलेले. एकेक दगड सहाशे किलोंहून अधिक वजनाचाही सापडतो.

चुना नसेल तर भिंत उभी राहते ती घडाईच्या नेमकेपणावर. दगडाची प्रत्येक बाजू शेजाऱ्याला जुळेल अशी छिन्नीने घडवावी लागते. जागोजागी मोऱ्या आहेत. डोंगरावरून येणारे पाणी रस्त्याच्या पोटातून पलीकडे काढून, भिंतीच्या पायाला लागणार नाही अशा बेताने दूर सोडलेले आहे. आपल्याकडच्या कोणत्याही घाटात काम केलेल्या मुकादमाला विचारा, तो सांगेल की रस्ता खचतो तो पाण्याने. येथे जवळजवळ दोनशे पावसाळे गेले, तरी त्या मोऱ्यांतील बऱ्याचशा शाबूत आहेत.

५/
हे केले कसे? वालुकाश्माच्या कड्यावर लोखंडी पहार रोवायची. एकाने ती धरून दर घावानंतर थोडी फिरवायची, दुसऱ्याने घण मारायचा. भोक पुरेसे खोल गेले की त्यात बंदुकीची दारू ठासायची आणि सुरुंग उडवायचा. कडा फुटला की भोकाचा अर्धा गोल कातळावर राहतो, पन्हळीसारखा. अशा पन्हळी तेथे आजही दिसतात. शेजारी टिकावाचे घाव आहेत, तिरपे, एकाशेजारी एक.

पहार धरणाऱ्याचा हात किती वेळा ठेचला गेला असेल, याची नोंद त्या कड्यावर नाही. पण घणाचा नेम चुकला की काय होते, हे सांगायला अभिलेखाची आवश्यकता नाही.

आणि हे सगळे पायांत लोखंड अडकवून. दोन्ही घोट्यांना कड्या आणि मधोमध साखळी. पाऊल पूर्ण टाकता येत नाही, चढ तर अर्ध्या पावलांनीच चढावा लागतो. उन्हाळ्यात लोखंड तापते, घोट्याची कातडी सोलवटते. अशा टोळ्यांना ‘आयर्न गँग’ म्हणत, आणि ही पद्धत डार्लिंगच्याच काळातली. वसाहतीत आल्यावर ज्यांच्या हातून पुन्हा काही आगळीक घडली, अशांना या टोळीत ठरावीक मुदतीसाठी धाडले जाई. याखेरीज बेड्यांविना काम करणाऱ्या टोळ्याही रस्त्यावर होत्या. चुकारपणा, पळून जाण्याचा प्रयत्न, उद्धट उत्तर यांवर चाबूक होताच.

६/
या भागातील कामावर पर्सी सिम्प्सन हा माजी लष्करी अधिकारी देखरेखीस होता. तो निष्णात होता, यात शंका नाही. त्याच्या हाताखालचे बांधकाम आणि इतर ठिकाणचे बांधकाम यांतला फरक नजरेत भरण्यासारखा आहे. तेव्हा ‘सिम्प्सनने रस्ता बांधला’ असे कोणी म्हटले तर मी त्यास सरसकट खोटे म्हणणार नाही. आखणी हेही कामच आहे. पण सिम्प्सन संध्याकाळी आपल्या घरी जाई आणि पहार धरणारा बेडीसह निजे, एवढा भेद वाक्यात कोठेतरी उतरायला हवा.

७/
“बेड्या असोत वा नसोत, शेवटी रस्ता झाला ना? विकास झाला ना?” हा दुसरा नेहमीचा मुद्दा. त्याला या रस्त्याने दिलेले उत्तर विलक्षण आहे.

डिव्हाइन्स हिल हा त्या डोंगरावर चढण्याचा पहिला मार्ग नव्हेच. आधी फिंचने आखलेल्या मार्गाने चढ बांधायला घेतला होता. ‘फिंच्स लाइन’ या नावाने ती वाट आजही चालता येते. नागमोडी वळणे, भिंती, मोऱ्या असे बरेच काम त्यावर झाले. मग ध्यानात आले की हा चढ फार उभा आहे, भरल्या गाड्या येथून जाणार नाहीत. झाले! तो सोडला आणि शेजारून नव्याने कडा तासायला घेतला.

एखाद्या ठेकेदाराला मजुरी स्वतःच्या खिशातून द्यावी लागत असती, तर पहिली भिंत उभी राहण्याआधीच त्याने तो चढ दहा वेळा मोजला असता. येथे चुकीची किंमत चूक करणाऱ्याने मोजलीच नाही, ती घोट्यांनी मोजली. फुकटच्या श्रमाचा हा गुणधर्मच आहे : तो कामे स्वस्त करतो त्याहून अधिक चुका स्वस्त करतो.

८/
पुढची गंमत याहून मोठी. गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही.

रस्ता पुरा होण्याच्या आतच निरुपयोगी ठरू लागला. वाटेत पाणी कमी, जनावरांना चारा नाही, मैलोगणती ओसाड खडकाळ माथा. त्यात १८३१ मध्ये सिडनी आणि हंटर यांच्या दरम्यान वाफेच्या बोटी सुरू झाल्या. ज्यांच्यासाठी रस्ता मागितला होता ते व्यापारी आणि जमीनदार आपला माल नि आपले कुटुंब घेऊन बोटीत बसले. गुरांचे कळप हाकणाऱ्यांनी सोयीच्या दुसऱ्या वाटा शोधल्या. डोंगरावर मात्र घण चालूच होते. काम चाललेल्या दहा वर्षांपैकी निम्मी वर्षे ही बोटी सुरू झाल्यानंतरची आहेत, हे लक्षात घ्या.

आज तो तुकडा इतका सुस्थितीत का आहे? लोक सांगतात, बांधकाम उत्तम म्हणून. ते खरेच आहे, पण अर्धेच. तो सुस्थितीत आहे कारण तो पुरेसा वापरलाच गेला नाही. वापरला असता तर रुंद केला असता, डांबर पडले असते, भिंत पाडून नवी बांधली असती. आपण ज्या वारशाचे कौतुक करतो तो एका फसलेल्या प्रकल्पाचा सांगाडा आहे. ‘विकास’ या शब्दावर विसंबून या रस्त्याचे समर्थन करता येत नाही. मागे काय उरते? ज्यांना राबवले त्यांचे राबणे.

९/
“सक्तीशिवाय त्या काळी असे काम झालेच नसते,” असेही म्हटले जाते. याच वसाहतीत, याच्या बारा वर्षे आधी, ब्लू माउंटन्स ओलांडणारा पहिला रस्ता विल्यम कॉक्स याने तीसेक कैद्यांकडून बांधून घेतला. जुलै १८१४ ते जानेवारी १८१५, सहा महिने, सुमारे १६० किलोमीटर. तेथे बेडीऐवजी आमिष होते : रस्ता पुरा करा, सुटका मिळवा. आणि सुटका मिळाली.

तो रस्ता कच्चा होता, त्यात डिव्हाइन्स हिलसारख्या भिंती नव्हत्या, हे मान्य. तरी तो लगेच उपयोगात आला. तेव्हा बेडी ही रस्त्याची गरज नव्हती. ती शिक्षेची गरज होती. गव्हर्नरांना हद्दपारीचा धाक पुन्हा बसवायचा होता, कारण ‘न्यू साउथ वेल्सला गेलेला चोर तेथे सुखात नांदतो’ अशी तक्रार लंडनमध्ये वाढली होती. रस्ता हे त्या धाकाचे एक साधन झाले.

१०/
आता सर्वांत जोरकस आक्षेप : “अहो, ते गुन्हेगार होते.”

होते. त्यांतले काही खरोखर हिंस्र असतील. सगळ्यांना भाकरी चोरणारे बिचारे ठरवण्याची एक भाबडी परंपरा ऑस्ट्रेलियात आहे, ती मला मान्य नाही. १७८८ ते १८६८ या काळात दीड लाखाहून अधिक माणसे तिकडे धाडली गेली. एवढ्या जमावात सर्व प्रकारचे लोक असणारच. पण बहुसंख्यांचा गुन्हा मालमत्तेविरुद्धचा, म्हणजे चोरीचाच होता. कापड, भांडे, मेंढी, घड्याळ.

शिवाय ‘गुन्हेगार’ हे उत्तर प्रश्नाला लागूच पडत नाही. प्रश्न, भिंत कोणी बांधली? ‘गुन्हेगारांनी,’ असे म्हणालात तर माझे म्हणणे तुम्हीच मान्य केलेत. ‘इंग्रजांनी,’ असे म्हणालात तर गुन्हेगारीचा मुद्दा येथे आलाच कशाला? दोन्ही एकदम म्हणता येत नाही. शिक्षा देताना तो चोर आणि श्रेय घेताना तो इंग्रज! त्याने घण मारला की ‘आम्ही’, त्याने उलट उत्तर दिले की ‘तो’.

११/
गावाला ज्याचे नाव आहे तो सॉलोमन वाइजमन कोण होता? टेम्स नदीवरचा नावाडी. बोटीतील किमती लाकूड चोरल्याबद्दल १८०५ मध्ये पकडला गेला, फाशीची शिक्षा कमी होऊन जन्मठेप हद्दपारी झाली, १८०६ मध्ये बायकोसह सिडनीस पोहोचला. पुढे माफी मिळाली, हॉक्सबरीच्या वळणावर जमीन मिळाली. खाणावळ काढली, १८२७ मध्ये फेरी सुरू केली. आणि रस्त्याचे काम सुरू होताच कैद्यांच्या टोळ्यांना शिधा पुरवण्याचा सरकारी मक्ता घेतला.

टेम्सचा चोर हॉक्सबरीचा सावकार झाला आणि आपल्यासारख्याच चोरांच्या पिठा-मांसाच्या हिशेबावर गबर झाला. त्याने बांधलेला वाडा आज गावातील हॉटेल आहे. केट ग्रेनव्हिल ही कादंबरीकार त्याच्याच वंशातली. तिची ‘द सिक्रेट रिव्हर’ ही कादंबरी (२००५) या पूर्वजाच्या चरित्रावरून सुचलेली आहे.

वाइजमनचा दोष काढणे हा हेतू नाही. सांगायचे ते इतकेच की चोराचे नाव नकाशावर येऊ शकते. त्यासाठी चोराने घण खाली ठेवून मक्ता घ्यावा लागतो.

१२/
चढावरची नावे एकेक करून आठवा. फिंच्स लाइन : मोजणीदार. सिम्प्सनच्या नावाचीही एक पायवाट आहे : देखरेख्या. वाइजमन : मक्तेदार. भिंतीच्या एकाही दगडाला पाथरवटाचे नाव नाही.

येथे कोणी म्हणेल, “काय करणार, सामान्य माणसांची नावे इतिहासात उरत नाहीत.” अन्यत्र हे दुःखद सत्य असेल, पण येथे ते सपशेल असत्य आहे. ब्रिटिश राज्यव्यवस्थेने त्या काळात कोणाची सर्वांत बारकाईने नोंद ठेवली असेल तर ती कैद्यांची. नाव, वय, जन्मगाव, धर्म, लिहिता-वाचता येते का, धंदा, गुन्हा, शिक्षा, जहाज, उंची, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, अंगावरचे व्रण, गोंदण. इंग्लंडमधल्या प्रतिष्ठित शेतकऱ्याच्या डोळ्यांचा रंग आपल्याला ठाऊक नाही, पण हद्दपार केलेल्या त्याच्या गड्याचा आहे! या नोंदवह्या सिडनीच्या अभिलेखागारात आहेत, आणि आज लाखो ऑस्ट्रेलियन त्यांतून आपले पणजोबा शोधतात.

तेव्हा नावे हरवलेली नाहीत. ती वहीत आहेत, वाक्यात नाहीत. अभिलेखाने विस्मरण केलेले नाही, व्याकरणाने केले आहे.

१३/
आणि वाक्यातून ज्याला हाकलले तो दंतकथेत शिरतो. डिव्हाइन्स हिलवर एका कातळाला ‘हँगमन्स रॉक’ म्हणतात. तेथे कैद्यांना फासावर लटकवीत, असे सांगितले जाते. याला पुरावा नाही. फाशी देण्याचा अधिकार रस्त्यावरच्या मुकादमाला नव्हता. त्यासाठी खटला, न्यायालय, सगळे सोपस्कार लागत.

पर्यटकांना फाशीची गोष्ट आवडते, अंगावर काटा येतो, मग माणूस पुढे चालू लागतो. रोज सकाळी उठून अर्ध्या पावलाने चढ चढणे, दगड फोडणे, उद्या पुन्हा तेच, यात काटा येण्यासारखे काही नाही. म्हणून ते सांगितले जात नाही. मला ही दंतकथा त्या फलकांवरील ‘अभियांत्रिकीचा चमत्कार’ या शब्दांची सख्खी बहीण वाटते. एक काम झाकते भीतीने, दुसरा झाकतो कौतुकाने.

आपल्या बोरघाटात शिंगरोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा आणि त्याबद्दल जिवास मुकलेला धनगर, अशी त्याची कथा. ती ऐतिहासिक कसोटीवर उतरते का, हा निराळा विषय. पण घाटात राबून मेलेल्या हजारोंसाठी एकही दगड नसताना एका धनगराला देऊळ मिळाले. लोकांच्या मनाने कोणाला तरी कर्तेपण परत दिले, एवढा त्याचा अर्थ मी लावतो.

१४/
मात्र ‘इंग्रजांनी नव्हे, कैद्यांनी बांधला’ एवढे म्हणून मोकळे होता येणार नाही. नदीचे नाव हॉक्सबरी कधीपासून? तिचे त्याआधीचे नाव डायराबिन. काठावर धारुग आणि डार्किनजुंग लोक राहत, नदीकाठच्या सुपीक गाळात रताळ्यासारखे कंद खणत. १७९० च्या दशकात वसाहतवाल्यांनी नेमकी तीच जमीन मक्यासाठी नांगरली आणि नदीकाठी रक्तपात सुरू झाला. वाइजमनला ‘मिळालेली’ जमीन, हंटरच्या खोऱ्यात वसाहतवाल्यांना ‘मिळालेल्या’ जमिनी, यांतले ‘मिळणे’ हे क्रियापदही ‘बांधले’ इतकेच लबाड आहे.

बेडीतला कैदी आणि हुसकलेला डार्किनजुंग हे एकाच यंत्राचे बळी असतील, पण ते एकमेकांचे सोयरे नव्हते. सुटलेला कैदी जमीन मागतच होता, आणि ती जमीन दुसऱ्या कोणाची तरी होती. आज त्या चढाला लागून असलेल्या राष्ट्रीय उद्यानाचे नाव ‘धारुग’ आहे. माणसे गेल्यावर उद्यानाला नाव देणे सोपे असते.

१५/
आता भाषेकडे. आपल्या मराठीला या बाबतीत सबब नाही. करणे आणि करविणे, बांधणे आणि बांधविणे, हा भेद आपल्या क्रियापदांत मुरलेला आहे. मराठीच्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक, श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी असलेला, चावुंडराजाविषयी काय म्हणतो? ‘करवियलें’. केले नव्हे, करविले! हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेख कोरणाऱ्याला ठाऊक होते की राजा छिन्नी धरत नाही. एवढ्या महाकाय मूर्तीसमोर उभे राहूनही त्याने प्रयोजक प्रत्यय गाळला नाही. आणि आपण, मोबाइलवर अंगठ्याने टंकताना, दोन अक्षरांची काटकसर करतो.

१६/
हाच नियम आपल्याकडेही लावावा लागेल, याची मला जाणीव आहे आणि त्याला माझी हरकत नाही. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकराचे नाव आहे. बांधकाम पाहणाऱ्या सेवकाचे नाव देवाच्या दारी कोरले जावे, ही गोष्ट दुर्मीळ आणि अभिमानाची आहे. पण हिरोजीही अखेर करवून घेणारा. त्याच्या हाताखालच्या पाथरवटांची आणि बेलदारांची नावे पायरीवर नाहीत. आणि ‘वेठ’ हा शब्द काही आपल्याला इंग्रजांनी शिकवलेला नाही. तो आपल्या जुन्या दप्तरांत ठिकठिकाणी आहे, आणि वेठीला कोणत्या जातींची माणसे धरली जात हेही आहे. ज्याला इंग्रजांच्या रस्त्यांचा कर्ता शोधायचा आहे त्याने स्वतःच्या गावच्या वेशीचा आणि तळ्याचाही शोधावा. मी येथे कोणाला सूट देत नाही.

१७/
या रस्त्याशी आपला प्रत्यक्ष संबंध नाही, पण ज्या यंत्राने तो बांधला त्याच्याशी आहे. १८३६ च्या जानेवारीत, म्हणजे हा रस्ता पुरा होत होता त्याच वर्षी, चार्ल्स डार्विन सिडनीस पोहोचला. तो उत्तरेच्या नव्हे, पश्चिमेच्या रस्त्याने बाथर्स्टकडे गेला. वाटेत त्याला बेडीतल्या टोळ्या दिसल्या आणि त्यांच्यावर भरलेल्या बंदुका रोखलेले पहारेकरी दिसले. त्याने निरीक्षण नोंदवले की सक्तीच्या श्रमाने सरकारला देशभर चांगले रस्ते एकदम उघडता येतात, आणि वसाहतीच्या लवकर झालेल्या भरभराटीचे हे एक मुख्य कारण असावे. डार्विन गुलामीचा कट्टर विरोधक, पण निरीक्षक म्हणून निर्मम. त्याने वाक्याचा कर्ता गाळला नाही. ज्यांना ‘इंग्रजांनी रस्ते बांधले’ म्हणायचे आहे त्यांनी निदान या इंग्रजाचे ऐकावे.

१८/
त्याच प्रवासात, त्याच वर्षी, त्याचे जहाज मॉरिशसला लागले. तेथे त्याने सार्वजनिक बांधकामांवर राबणारे कैदी पाहिले, सुमारे आठशे. हे भारतीय होते. हिंदुस्थानातले लोक इतके रुबाबदार असतात याची आपल्याला कल्पना नव्हती, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले.

१८१५ ते १८३७ या काळात बंगाल आणि मुंबई या इलाख्यांतून सुमारे दीड हजार कैदी मॉरिशसला धाडले गेले. बेटावरचे रस्ते आणि पूल बांधण्यास त्यांना जुंपले. मुंबई इलाखा म्हणजे आपणच : कोकण, देश, खानदेश, गुजरात. उसाच्या मळ्यांतले गिरमिटिये आपल्याला ठाऊक असतात, पण त्यांच्याही आधी गेलेले हे बेडीतले पूर्वज कोणत्याच स्नेहसंमेलनात आठवले जात नाहीत. १८२५ पासून भारतीय कैदी सिंगापुरात आणले जाऊ लागले. तेथले रस्ते, आणि आज पर्यटक ज्याचे पांढरेशुभ्र शिखर टिपतात ते सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल, यांत त्यांचे हात आहेत. ‘काळे पाणी’ म्हटले की आपले मन थेट अंदमानला जाते. त्या शब्दाचा भूगोल फार मोठा होता, आणि अंदमानातले सेल्युलर जेलसुद्धा कैद्यांनीच, स्वतःला कोंडण्यासाठी बांधले.

१९/
आणि उलट दिशेने? एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरला एक तुरुंग होता, त्यात मलाक्का-सिंगापूरकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी होते. साहेबांच्या पंगतीला लागणारा बटाटा आणि विलायती भाजीपाला ते पिकवीत. ‘चायनामन’ नावाचा धबधबा आजही तेथे दाखवतात आणि नावाचे कारण कोणी विचारत नाही. आपली माणसे मलाक्केला रस्ता बांधायला, तिथली माणसे आपल्याकडे भाजी लावायला. ज्याला त्याला आपापल्या मुलुखापासून इतके दूर न्यायचे की पळून जाण्यास दिशाच उरू नये.

२०/
सिडनीत राहणाऱ्या वाचकांनी पुढच्या खेपेस फेरी उतरल्यावर नदीकडे पाठ करून थोडे थांबावे. भिंत वरून बघू नये, जेथे जपून उतरता येईल तेथे खालच्या अंगाने बघावी. वरून फक्त रस्ता दिसतो, उंची कळते ती पायथ्यापासून. मोरीचे तोंड कोठे उघडते ते शोधावे. कड्यावर सुरुंगाची पन्हळ सापडली तर तीत बोट ठेवून बघावे, बहुतेक नीट बसते. मग घरी येऊन कैद्यांच्या नोंदवहीतले कोणतेही एक पान उघडावे आणि एक नाव, एक धंदा, एक उंची मोठ्याने वाचावी. ‘पाथरवट’ हा धंदा पुष्कळांपुढे नसेल. विणकर असेल, शेतमजूर असेल, न्हावी असेल. दगड फोडायला ते त्या चढावर शिकले.

पुढचा भाग मॉरिशसच्या कैद्यांवर. ज्यांच्याकडे मुंबई इलाख्यातील हद्दपारीविषयी घराण्यातली कागदपत्रे वा आठवणी असतील, त्यांनी खाली अवश्य लिहावे.